३५ मिनिटांत उठणारं बाळ : दिवसाची झोप लांबवायची कशी?

मोगरा (धागाकर्ती)

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, आज अगदी गळ्याशी आलं म्हणून लिहितेय.

लेक साडेचार महिन्यांची आहे. रात्रीची तक्रार नाही, एक-दोनदा दूध प्यायला उठते आणि पुन्हा झोपते. दिवस मात्र अवघड. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या, थोपटायचं, घसा बसेपर्यंत अंगाई म्हणायची, मग कुठे डोळा लागतो. अलगद खाली ठेवून मी आंघोळ उरकते, चहाचं आधण ठेवते आणि तो गाळेपर्यंत बाईसाहेब टक्क जाग्या. ३५ मिनिटं, फार तर ४०. दिवसातून चार वेळा हाच खेळ. उठते तीही किरकिरत, डोळे चोळत, म्हणजे झोप पुरी झालेली नसतेच. संध्याकाळी सहानंतर घरात सगळे एकमेकांशी जपून बोलतात.

गंमत म्हणजे सकाळी मावशी मालिश करून, न्हाऊ घालून गेल्या की दीड-दोन तास गाढ झोपते. म्हणजे जमतं तिला! मग इतर वेळी काय बिनसतं?

सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात झोळी बांधा, आमची सगळी पोरं झोळीत वाढली. आई फोनवरून मीठ-मोहऱ्या ओवाळायला सांगते. शेजारच्या काकूंच्या मते माझं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. नवऱ्याने झोपेच्या वेळांचा तक्ता छापून फ्रिजवर लावलाय. बाळाने तो अजून वाचलेला नाही.

वजन छान वाढतंय, लसी वेळेवर झाल्यात. पण रजा बाळंतपणाच्या आधीच सुरू करावी लागली होती, त्यामुळे २६ आठवडे आता संपत आलेत. पाळणाघरात तिला प्रत्येक वेळी अर्धा तास खांद्यावर घेऊन कोण फिरणार?

झोप मोडायच्या आधी काही करता येतं का? उठल्यावर परत झोपवायचा प्रयत्न करावा की सोडून द्यावं? आणि झोळीचं काय, हो की नाही?

सातारी_कंदी

+१. आमचा पाच महिन्यांचा, ३० मिनिटांवर पक्का. धाग्यावर मुक्काम ठोकतेय.

पिंपळपान

मोगरा, आमच्या थोरल्याचं हुबेहूब असंच होतं. सहावा महिना उलटला, पालथं पडून सरकायला लागला आणि दुपारची झोप आपली आपण लांबली. त्यासाठी आम्ही जे जे केलं त्याचा कितपत संबंध होता, देव जाणे. धाकटी पहिल्यापासून दोन तास झोपायची आणि तिच्यासाठी आम्ही काहीही केलं नव्हतं. तेव्हा आपण काहीतरी चुकतोय हे आधी डोक्यातून काढ.

स्टेथो

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण तुमचं बाळ तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजावं.

झोप सलग नसते, आवर्तनांत चालते. मोठ्या माणसाचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, या वयाच्या बाळाचं ४०-५० च्या आसपास. आवर्तन संपताना झोप अगदी उथळ होते. आपणही रात्रीत कितीदा तरी असे अर्धवट जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो, सकाळी काही आठवत नाही. बाळाला त्या उथळ जागेवरून पुढच्या आवर्तनात उतरणं अजून साधत नाही. तुमची ३५ मिनिटं म्हणजे एक आवर्तन संपतं ती जागा, एवढाच त्याचा अर्थ.

मग रात्री कसं जमतं? रात्री झोपेची ओढ जास्त असते आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक सोबतीला असतं. दिवस-रात्रीच्या तालावर ते स्रवू लागतं साधारण तिसऱ्या महिन्यापासून. दिवसा ओढ कमी आणि मेलाटोनिन जवळपास नाहीच. त्यामुळे रात्र बरी पण दिवस तुकड्या-तुकड्यांचा, असं या वयात भरपूर घरांत दिसतं. शिवाय तीन-चार महिन्यांच्या सुमारास झोपेची रचनाच बदलते. नवजात बाळ आधी चुळबुळीच्या झोपेत जातं, पुढे मोठ्यांसारखं आधी शांत झोपेत जायला लागतं. या बदलाच्या काळात आधी बरी असलेली झोपही विस्कटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ४ ते ११ महिन्यांसाठी २४ तासांत १२ ते १६ तास झोप सांगितली आहे, दिवसाची धरून. एकदा बेरीज करून पाहा. बेरीज या पट्ट्यात असेल, वजन वाढत असेल, जागेपणी बाळ हसतं-खेळतं असेल तर आखूड झोपा हा आजार नाही.

वाट न पाहता दाखवायचं कधी: वजन वाढत नसेल, दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, झोपेत घोरणं किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, दूध पिताना पाठीची कमान करून रडणं, किंवा नेहमीपेक्षा सुस्त पडून राहणं. वजन नीट वाढतंय म्हणता, तेव्हा शेजारच्या काकूंना नमस्कार करून वरचं दूध टाळा.

मोगरा

डॉक्टर, धन्यवाद. बेरीज केली, साडेतेरा तासांच्या आसपास येते. जरा जीव भांड्यात पडला. पण मग आंघोळीनंतरचं कोडं?

कोकणी_घोव

कोडं सोडवायला मी आलो. पेशाने इंजिनीअर, त्यामुळे आमच्या बाळाच्या झोपेचीही नोंदवही होती, बायको अजून त्यावरून टोमणे मारते.

मावशी गेल्यावर तुमच्या घरात काय असतं ते एकदा बघा. बाळ त्याआधी बराच वेळ जागं असतं, मालिशने आणि रडून दमलेलं असतं. आंघोळ झाली की पोटभर दूध. कोमट पाण्यानंतर अंग हळूहळू निवतं, त्यानेही झोप यायला मदत होते. दुपट्यात गुंडाळलेलं, खोलीत पडदा ओढलेला. आणि माणसं आपापल्या कामाला गेलेली! आता दुपारची दुसरी झोप बघा. कुकरच्या शिट्ट्या, बेल, भंगारवाला, वरच्या मजल्यावर ड्रिल. गाढ झोपेत बाळ हे सगळं पचवतं, पण नेमक्या ३५ व्या मिनिटाच्या उथळ जागी एक शिट्टी पुरते.

आमच्या नोंदवहीतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे किरकिरत उठला तर झोप अपुरी, आणि हसत उठला तर बहुधा फार लवकर झोपवलं होतं. दुसऱ्या प्रकारात पुढच्या वेळी थोडं उशिरा झोपवलं की फरक पडायचा. या वयात दोन झोपांमधला जागेपणा दीड ते दोन तास धरतात.

आणखी एक. जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटाचा २०२२ मधला एक अभ्यास आहे. रडणाऱ्या बाळाला उचलून ५ मिनिटं सपाट जागेवर न थांबता चालायचं, झोप लागल्यावर लगेच खाली न ठेवता ५ ते ८ मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं आणि मगच ठेवायचं. बाळं जागी होतात ती गादीला पाठ टेकल्यामुळे नव्हे, तर आपल्या अंगापासून सुटताना, असं त्यांना हृदयाच्या ठोक्यांवरून दिसलं. ठेवताना सावकाश, आणि आपला हात सगळ्यात शेवटी काढायचा.

स्टेथो

कोकणी_घोव, नोंदवही आवडली. एक पुस्ती: दीड-दोन तासांचे ते तक्ते अनुभवावर बेतलेले आहेत, त्यांना भक्कम संशोधनाचा आधार नाही. फ्रिजवर राहू द्या, पण मिनिटांवरून घरात भांडण नको. जांभई, शून्यात बघणं, कान ओढणं, तोंड फिरवणं हे तक्त्यापेक्षा जास्त कामाचं.

आज्जीचा_बटवा

पोरी, मी कोल्हापूरची, चार नातवंडं हाताखालून गेलीत. तुझ्या सासूबाईंचं अगदीच सोडून देऊ नकोस. जुन्या मऊ लुगड्याची झोळी, एक पाय हलवत भाजी निवडायची, पोर दोन-दोन तास गप गार. उथळ झोप आली की झोळी स्वतःच हलते, पोर परत झोपतं. तुमचं ते आवर्तन का काय ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण इलाज ठाऊक होता.

राईची उशी करून घे, डोकं गोल होतं आणि मान हलत नाही, मग झोप मोडत नाही. आणि रात्री जायफळाचा एक वेढा आईच्या दुधात उगाळून चाटव. वेढा म्हणजे एकच, जास्त नको.

चिंचगुळी

आजींना अनुमोदन. आमच्याकडे गुटीत जायफळ-वेखंड असायचंच.

स्टेथो

आजी, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून तीन ठिकाणी नाही म्हणतो.

जायफळ नको. त्यात मिरिस्टिसिन असतं, ते मेंदूवर परिणाम करतं. एका वेढ्यात किती उतरलं हे सहाणेला कळत नाही, जायफळालाही कळत नाही. पेंग येणं म्हणजे झोप लागणं नव्हे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, गुटीही नको आणि पाणीही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोटुलिझमचा (एक गंभीर विषबाधा) धोका असतो.

राईची उशी नको. उशी, लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी यातलं काहीही झोपलेल्या बाळाजवळ नको. पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं. १९९० च्या दशकात बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम निघाल्यावर अनेक देशांत झोपेतले अचानक मृत्यू निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. डोक्याच्या गोलाईसाठी बाळ जागं असताना, आपल्या देखरेखीखाली, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं ठेवा, आणि झोपवताना मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

झोळीबद्दल माझं मत आजींना अर्धंच आवडेल. झोळीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते, लहान बाळाचा श्वासाचा मार्ग दबू शकतो. कापड तोंडावर येऊ शकतं. त्यामुळे झोळीत रात्रभर किंवा कुणी बघत नसताना झोपवणं नाही. डोळ्यांसमोर थोडा वेळ झुलवून, झोप लागली की सपाट गादीवर, एवढ्यावर मी घरच्यांशी तडजोड करतो. बाळ कुशीवर वळू लागलं की तेही बंद. आणि घरात मोठं भावंड असेल तर रिकामी झोळी सोडून ठेवायची, कापडात मान अडकून अपघात झालेले आहेत.

आज्जीचा_बटवा

डॉक्टर, उशीचं आणि जायफळाचं ऐकते. झोळीचं मात्र जपून बोला, गरिबाच्या घरात एका खोलीत सहा माणसं, खाली उंदीर-मुंग्या, तिथं सपाट गादी कुठली आणायची?

स्टेथो

हे मात्र शंभर टक्के मान्य. तिथे मी झोळी काढा म्हणत नाही. कापड ताणून, जास्त खोल न ठेवता बांधा, हनुवटी वर राहतेय ते बघा, तोंड उघडं ठेवा आणि नजर ठेवा, एवढंच सांगतो.

गिरणगावकर

अवांतर आहे, पण जायफळावरून आठवलं. बाळाला 'झोपवण्याचं औषध' देण्याची मुंबईतली जुनी गोष्ट याहून भयंकर आहे. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफूची 'बाळागोळी' देऊन खोलीवर ठेवून जात. १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात बाळांना अशी अफू दिली जात असल्याची नोंद आहे. त्या बायकांना नावं ठेवणं सोपं आहे. रजा नव्हती, पाळणाघर नव्हतं, खाडा केला की पगार कापला जाई. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा, भारतातला त्या प्रकारचा पहिला. त्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये कायदेमंडळात पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. मोगराताईंच्या २६ आठवड्यांची सुरुवात तिथून आहे. असो, मूळ धाग्याकडे.

चिंचगुळी

गिरणगावकर, अंगावर काटा आला. जायफळाबद्दलचं माझं अनुमोदन मागे घेते.

पिंपळपान

गाडी रुळावर आणते. मोगरा, तू विचारलंस उठायच्या आधी काही करता येतं का. येतं, पण चारही झोपांना करू नकोस, वेडी होशील. एकच झोप निवड, दुपारची. २५-३० मिनिटं झाली की आवाज न करता जवळ जाऊन बस. पापण्या फडफडायला लागल्या, हात उडायला लागले की तळहात छातीवर नुसता ठेवायचा, हलक्या लयीत थोपटायचं, उचलायचं नाही. पाच-दहा मिनिटांत ती पुढच्या झोपेत उतरली तर उतरली. नाही उतरली तर पडदा उघड, "उठलं का माझं पिल्लू" म्हण आणि विषय संपव. परत झोपवण्याच्या नादात तास तास घालवला की पुढची झोपही बिघडते.

आणि हो, पहिल्या आवाजाला धाव घेऊ नकोस. बाळं झोपेतही कण्हतात, डोळे किलकिले करतात, एखादा हुंदकाही देतात. आपण उचलतो आणि आपणच उठवतो. रडणं वाढतंय की विरतंय ते जरा ऐक.

सातारी_कंदी

हे वाचून आज दाराबाहेर उभी राहिले. दोनदा कुरकुर करून पुन्हा झोपला!!! रोज असंच झालं तर पेढे वाटेन, कंदी.

उत्तरेचा_वारा

मी स्वीडनमध्ये असते. इथली पद्धत पाहून माझ्या आईने डोक्याला हात लावला होता: कडाक्याच्या थंडीतही बाळं बाबागाडीत, नीट गुंडाळून, गच्चीत किंवा अंगणात झोपवतात. कॅफेच्या बाहेर ओळीने गाड्या आणि आत आया कॉफी पिताहेत. मोकळ्या हवेत बाळं जास्त वेळ झोपतात असं इथे सगळे म्हणतात. गाडीचं हलणंही असतंच म्हणा, म्हणजे फिरून आजींची झोळीच! फरक इतकाच की गाडीची पाठ पूर्ण सपाट होते.

तुझ्याकडे हे कसं करणार माहीत नाही, पण दिवसातली शेवटची, संध्याकाळची झोप घराबाहेर करून बघ. ती तशीही आखूडच असते आणि रात्रीपर्यंत तग धरण्यापुरती हवी असते. अर्धा तास मिळाला तरी चालतो. बाबाकडे देऊन टाक ती.

अवांतर: इथे आईबाबांना मिळून एका मुलामागे ४८० दिवसांची सवेतन पालकरजा असते. तुझी रजा-पाळणाघराची घालमेल वाचून वाईट वाटलं.

कोकणी_घोव

संध्याकाळची झोप बाबाकडे, याला बाबांच्या वतीने अनुमोदन. मी बेबी कॅरियरमध्ये घेऊन इमारतीखाली चकरा मारायचो. तोंड-नाक उघडं, हनुवटी छातीपासून सुटी, आणि आपण वाकून चुंबन घेऊ शकू इतकं वर, असं बांधायचं. वॉचमनकाकांशी माझी दोस्ती तिथेच झाली.

खोलीबद्दल: काळे पडदे महाग वाटले तर खिडकीला जुनी गडद चादर पिनांनी लावा. अंधार फक्त झोपेपुरता, जागेपणी भरपूर उजेड, नाहीतर शरीराचं घड्याळ कसं लागणार? बाहेरचे आवाज झाकायला पंख्याची घरघर पुरते. मोबाइलवर पावसाचा आवाज लावणारे लोक फोन उशाशी ठेवतात, ते नको. दोन मीटर लांब आणि आपल्या बोलण्यापेक्षा हळू.

सातारी_कंदी

उकाड्याचं काय? इकडे लोड शेडिंग झालं की अर्ध्या झोपेत घामाघूम होऊन उठतो.

स्टेथो

मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. हाता-पायांवरून अंदाज घेऊ नका, ते गारच असतात. मान ओलसर असेल तर एक थर काढा. उन्हाळ्यात सुती झबलं पुरे, टोपी-मोजे घरात नकोत. पंखा चालतो. एसी असेल तर झोत अंगावर नको.

दुपटं हात आत घेऊन घट्ट बांधत असाल तर आता सोडा. साडेचार महिन्यांचं बाळ कधीही पालथं पडेल आणि हात अडकलेले असतील तर तोंड वर काढता येणार नाही. दचकण्याची प्रतिक्रियाही साधारण चार ते सहा महिन्यांत विरते, त्यामुळे पहिले काही दिवस चिडचिड होईल, नंतर सवय होते.

मोगरा

अय्या, मावशी अजून हात बांधूनच देतात. उद्यापासून बंद.

एक विचारू? दुपारी मी तिला छातीवर घेऊन आडवी झाले की ती तास-दीड तास झोपते. पण "सवय लावलीस" म्हणून घरातून ऐकावं लागतं.

रात्रपाळी

मी प्रसूती विभागात नर्स आहे, तिथून सांगते. साडेचार महिन्यांचं बाळ आईच्या अंगावर झोपतं ही सवय नव्हे, ही त्याची जागा आहे. एक झोप तशी घेऊ दे खुशाल. पण तू स्वतः पेंगत असशील तर नको, आणि सोफ्यावर तर अजिबात नको. सोफ्याच्या फटीत बाळ घसरून दबण्याचा धोका पलंगापेक्षा कितीतरी जास्त. जागं कुणीतरी हवं. सासूबाईंना सांग, तुम्ही झोळी नका हलवू, मांडीवर घेऊन मालिका बघा. दोघी खूश.

आता तुझं. सगळे बाळाची झोप विचारताहेत. तू कधी झोपतेस? बाळ झोपलं की तू आंघोळ आणि चहा उरकतेस असं लिहिलंयस. दुपारची ती एक झोप लांबली किंवा नाही लांबली, त्या वेळात तू आडवी हो, भांडी राहू देत. आणि बाळ झोपलेलं असूनही तुला झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल तर ते दमण्यापलीकडचं आहे. बाळंतपणानंतर वर्षभरात केव्हाही होऊ शकतं. तुझ्या डॉक्टरांना सांग, किंवा १४४१६ वर टेलि-मानसला (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) फोन कर. केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलतात.

मोगरा

रात्रपाळी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या विपूत (विचारपूस पानावर) लिहिते.

पाळणाघर_नाशिक

वाचत होते, पाळणाघराचा विषय आला म्हणून लिहिते. माझं स्वतःचं छोटं पाळणाघर आहे.

ताई, घरी खांद्याशिवाय न झोपणारं पोर आमच्याकडे बाजूच्या बाळाला बघून गादीवर झोपतं, हे मी कितीदा पाहिलंय. काही पोरं महिनाभर अर्धा तासच झोपतात आणि संध्याकाळी आईला चिकटून घरी लवकर झोपतात. तेही ठीक. तुम्ही आत्तापासून एवढं करा: झोपवण्याआधीचा क्रम रोज तोच ठेवा, लंगोट बदलणं, पडदा, एक ठरलेलं गाणं. तो क्रम आम्हाला लिहून द्या. अर्धा तास खांद्यावर फिरवणं आम्हाला जमणार नाही, पण तेच गाणं म्हणून थोपटणं जमतं. दिवसातून एकदा, आंघोळीनंतर, ती पेंगुळलेली पण पूर्ण झोपलेली नाही अशी खाली ठेवून बघा. रडली तर घ्या. हळूहळू येतं.

पाळणाघर बघताना झोपेच्या वेळीच जा. बाळं पाठीवर झोपवतात का, गादी घट्ट आहे का, उशा आहेत का, एका ताईकडे किती बाळं आहेत. "सगळी मुलं आमच्याकडे तीन तास झोपतात" असं कुणी छातीठोक सांगितलं तर मी तरी तिथे माझं मूल ठेवणार नाही.

गिरणगावकर

शिवाय ऑफिसात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. तोंडी विचारलं की "बघू" मिळतं.

मोगरा

मधे बरेच दिवस गेले, पुढे काय झालं ते कळवते.

हात बांधणं सोडलं, सुरुवातीला फार चिडली. दुपारच्या झोपेला जवळ बसून छातीवर हात ठेवते. कधी ती तासाभरावर जाते, कधी ३५ मिनिटांतच डोळे उघडून माझ्याकडे बघत बसते. बाकीच्या झोपा होत्या तेवढ्याच आहेत, त्यांच्या मागे लागणं सोडून दिलंय. संध्याकाळची झोप नवऱ्याकडे, तोही खाली वॉचमनकडेच जातो! कुकर सकाळीच लावतो. सासूबाईंनी झोळी बांधली, दोन दिवस झुलवली आणि लेकीने झोळीतही ३५ मिनिटांनीच डोळे उघडले. त्यांनी स्वतःच सोडून ठेवली. आईने दृष्ट मात्र काढलीच. मोहऱ्या तडतडल्या म्हणे.

ऑफिसला मेल केली. आमच्या इमारतीतच दोन कंपन्यांचं मिळून पाळणाघर आहे, मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात झोपेच्या वेळी बघायला जातेय.

सातारी_कंदी

मस्तच गं. आमच्याकडे आता पाऊण तास. पण पहाटे पाचला उठून बसतो, त्याचं काय करायचं?

पिंपळपान

त्याला वेगळा धागा काढ, तिथे निम्मं गाव येईल. तोवर पूर्वेच्या खिडकीला चादर लाव.